सभासदाची मुलगी

दिंद्रुड,
२ फेब्रुवारी १९८७

चि. वत्सलास,

पंडितचा आशीर्वाद. दोन वर्षांत तुझं पत्र नाही, म्हणून आशीर्वाद थांबवावा असं कुठल्याही पोटनियमात लिहिलेलं नाही, तेव्हा तो घे.

इकडची खुशाली लिहावी असं काही उरलेलं नाही. सिंदफणेच्या कोरड्या पात्रात झिरे खणून खणून बायांचे हात सोलले. टँकर एक दिवसाआड येतो, आणि आला की आधी भांडणं उतरतात, मग पाणी. उसाची उभ्या उभ्या चिपाडं झाली, कारखाना सुरू होऊन लगेच बंद पडला. ऊसतोडीला जाणारे दसऱ्याच्या आधीच निघून गेले, त्यामुळे अर्ध्या गावाला कुलूप आहे. सोसायटीच्या ऑफिसात मी आणि भिंतीवरचं घड्याळ, दोघंच. इतकी वर्षं गटसचिव म्हणून बसलो, लोक कर्जासाठी दाराशी भांडायचे. आता भांडायलासुद्धा कुणी येत नाही.

म्हणून म्हटलं, पुण्याला जाऊन यावं. मालनला पुणं दाखवायचं लग्नापासून राहून गेलंय. महिनाभर राहू. तूही दोन दिवस ये, नगरहून तुला सोपं आहे. माझा घसा बरेच दिवस बसलेला आहे, पोस्टातून फोन लावला तरी तुला काही ऐकू येणार नाही, म्हणून हे पत्र.

आता मुख्य विषय, राहण्याचा. जिल्ह्यात मी ज्या संस्थेचा सभासद नाही अशी संस्था शोधावी लागेल, हे तुला माहीत आहेच. तेव्हा सगळीकडून माहिती मागवली. आमच्या सचिवांच्या पतसंस्थेचं एका लॉजशी ठरलेलं आहे. सभासदाला रुपयाला चार आणे सूट, पण गरम पाण्याचे वेगळे आणि खोली स्टेशनच्या बाजूला, म्हणजे रात्रभर इंजिनाच्या शिट्ट्या. बँकेच्या भागधारकांना एका बऱ्या हॉटेलात रुपयाला दहा पैसे सूट मिळते. खोली स्वच्छ म्हणतात, पण सकाळचा चहा-नाश्ता त्यांचाच घ्यायचा अशी सक्ती, म्हणजे दहा पैसे दिले आणि पंधरा काढून घेतले. सगळ्यात चांगलं कारखान्याचं सभासद निवास. भाडं निम्मं, स्वतःची स्टोव्ह-भांडी चालतात, गॅलरीत ऊन येतं. पण तिथं सभासदाचं कार्ड लागतं, आणि कार्ड तुझ्या हट्टापायी अजून आबांच्या नावावर आहे!

आठवतं ना? आपले आबा गेले त्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला आपण दोघं कारखान्यावर सभासदांची साखर आणायला गेलो होतो. लाउडस्पीकरवर पुकारलं, "अर्जुनराव धोंडीराम उबाळे, दिंद्रुड," आणि तू भर गर्दीत रडायला लागलीस. वारसाच्या कागदावर सहीच केली नाहीस. म्हणालीस, "वर्षातून एकदा तरी आबाला कुणी हाक मारू दे." तेव्हापासून दर दिवाळीला ते आबांना हाक मारतात आणि मी ओ देतो. माझ्या हातून झालेला नियमभंग तेवढा एकच.

तर तुला यायला जमेल का ते कळव. मार्चच्या दहा तारखेच्या आत.

तुझा,
पंडित

*

अहमदनगर,
११ फेब्रुवारी १९८७

भाऊ,

तुझं पत्र वाचलं, आणि माझ्या मालकांनाही वाचून दाखवलं. ते एस.टी.च्या वर्कशॉपातून दमून आले होते, तरी पोट धरून हसले. मला हसू आलं नाही.

गावात झिरे खणून बायांचे हात सोलले म्हणतोस, आणि पुढच्याच ओळीत हवापालटाला निघतोस! तेही महिनाभर. पुण्यात महिनाभर बघण्यासारखं काय आहे रे? साहेब झालास का तू? आणि वहिनीला पुणं दाखवायला दुष्काळच सापडला का?

दुसरी गोष्ट. दिंद्रुडहून पुण्याला जाणारी गाडी नगरवरून जाते. माझं घर स्टँडपासून हाकेच्या अंतरावर आहे. तुझ्या त्या यादीत माझ्या घराचं नाव कुठं दिसलं नाही मला. माझ्याकडं चार आणे नाही, सोळा आणे सूट आहे, गरम पाणी फुकट आहे, चहाची सक्ती मात्र आहे. पण तू इथं कशाला उतरशील? माझ्या संगीच्या लग्नात अक्षता पडल्या आणि तू पायात चपला घातल्यास. मुक्कामाला म्हणून तू माझ्या घरी कधी राहिलास ते आठवून बघ.

आबांचं नाव कापलं नाही ते बरंच झालं. निदान एका कार्डावर तरी तुला सहल करता येत नाही.

मी येणार नाही. वहिनीला नमस्कार सांग.

वत्सला

*

दिंद्रुड,
२० फेब्रुवारी १९८७

चि. वत्सलास,

तुझ्या पत्रातली भाषा वाचून बरं वाटलं. तब्येत चांगली दिसते.

तुझं घर यादीत नाही कारण ते नगरला आहे आणि माझं काम पुण्याला. काम म्हणजे फिरण्याचंच, पण रोज एका ठिकाणी जावं लागेल असं फिरणं आहे. त्यामुळं जवळ राहिलेलं बरं. मुक्कामाचं तू म्हणतेस ते खरं आहे. मला परक्या घरी झोप लागत नाही असं मी सांगत आलो. तुझं घर परकं कसं, हे तू विचारायला हवं होतंस, तू विचारलं नाहीस आणि मी सुटलो.

तू यावंस म्हणून मी तिन्ही ठिकाणचे नियम पुन्हा वाचले. गंमत सांगतो. लॉजवर सभासद आणि त्याची पत्नी, बस्स. हॉटेलात तिसरा माणूस चालतो, पण त्याला सूट नाही आणि खाट फरशीवर. सभासद निवासात कुटुंब म्हणजे कोण ते स्पष्ट छापलेलं आहे: पत्नी, मुलगा, सून, मुलगी. मुलीला तर जादा खाट मोफत. बहीण कुठंच नाही. आपल्या एवढ्या मोठ्या सहकार चळवळीत बहीण म्हणून नातंच नाही बघ. सरकारला कळवावं म्हणतो.

इथं मी हल्ली फार बोलत नाही. लोकांना वाटतं, दुष्काळात सचिव मिजाशीत आला. शहादेव पाटील परवा तोंडावर म्हणाला, "काऊन रं पंडित, बोलायला बी आता ठराव लागतो का?" मी हसलो. हसायलाही आवाज लागतो हे मला माहीत नव्हतं. जेवण पातळच घेतो, कण्या नाहीतर ताक. दुष्काळात ते परवडतं.

वत्सले, दोनच दिवस ये. राहायचं काय ते मी बघतो. तुझ्याशी बोलत बसावंसं वाटतंय, दुसरं काही नाही. मार्चची दहा तारीख ध्यानात ठेव.

पंडित

*

दिंद्रुड,
२७ फेब्रुवारी १९८७

वत्सलाताईस मालनचा नमस्कार.

ह्यांना न सांगता लिवते. पोराबाळांकडून लिवून घेतलं आसतं पन गोष्ट गावभर व्हईल. म्हनून चौथी शिकलेलं आठवून सवताच लिवते, चुकलंमाकलं समजून घ्या.

ताई, हे सहलीला न्हाई चालले. त्यांच्या घशात गाठ हाय. दिवाळीपसून आवाज बसला, आमी म्हनलं थंडीनं. बीडच्या डाक्टरानं औरंगाबादला धाडलं, तितं बघून म्हनले, पुण्याला न्या, आवाजाची पेटीच काढावी लागंल. दहा मार्चला आपरेशन हाय. त्याच्यानंतर बोलता येनार न्हाई, कधीच न्हाई.

तुमाला कळू द्यायचं न्हाई म्हनले. म्हनले, वच्छी रडत येईल, मग बोलायचं राहूनच जाईल. सध्याच्याला कुजबुज केल्यावानी बोलतेत, कान जवळ न्यावा लागतो. तेवढा आवाज हाय तवर त्यांना तुमच्याशी बोलायचं हाय. रात्री मलाच ऐकवीत बसतेत, तुमी दोघं शेरडं वळायला जायचा ते. मी ते शंबरदा ऐकलंय पन मी काय तुमी न्हाई.

लई वाळलेत. तुमी वळखायच्या न्हाईत. डोक्याचे केस बी पार पांढरे झाले. जेवन जात न्हाई. तरी कागद घिऊन बसतेत आन् हितं किती सूट, तितं किती सूट लिवतेत. म्या म्हनलं, आवो कुटंबी ऱ्हाऊ. तर म्हनले, वच्छीची सोय झाली पायजे.

तुमचं पत्र वाचून हसले आन् मग भिताडाकडं तोंड करून निजले. राग सोडा ताई. या. मी लिवलं ते सांगू नका.

तुमची,
मालन

*

(पोस्टकार्ड)

पुणे, सभासद निवास,
५ मार्च १९८७

चि. वत्सलास,

काल पोचलो. खोली मिळाली, तीही इथंच, निम्म्या भाड्यात. कार्डाचं कसं जमवलं ते भेटल्यावर सांगेन, तू हसशील. पहिला मजला, गॅलरीत चांगलं ऊन येतं. तुझी खाट टाकून ठेवली आहे, चादर मालननं घरून आणलेली आहे. नगर-पुणे गाडी स्टँडवर सोडते, तिथून रिक्षावाल्याला निवासाचं नाव सांगितलं की पुरे. ये.

पंडित

*

अहमदनगर,
१२ मार्च १९८७

भाऊ,

हे पत्र दिंद्रुडच्या पत्त्यावर टाकते आहे, कारण तू पुण्याला गेला होतास यावर माझा विश्वास राहिलेला नाही.

तुझं कार्ड मला आठ तारखेला मिळालं. तुझ्यावर रागावले होते तरी त्याआधीच माझी पिशवी भरून तयार होती. का ते विचारू नकोस. नऊ तारखेला पहाटेच्या गाडीत बसले. तुझ्यासाठी मऊ भात आणि मुगाचं वरण डब्यात घेतलं होतं, ते सांडू नये म्हणून सगळा वेळ मांडीवर धरलं.

निवासात गेले. काउंटरवरच्या माणसाला म्हटलं, "पंडित उबाळे कुठं उतरलेत? दिंद्रुडचे. मी बहीण त्यांची." त्यानं बघितलं आणि म्हणाला, "पंडित उबाळे नावाचं कुणी नाही, बाई." मी म्हटलं, नीट बघा, चार-पाचच दिवस झालेत. तो म्हणाला, "तुमच्या बीडकडचे एक आजोबा आहेत, पण ते ऐंशीच्या पुढचे. सूनबाई आहेत सोबत." मी म्हटलं, माझा भाऊ पंचावन्नचा आहे आणि त्याला सून नाही, त्याला मूलच नाही. तो म्हणाला, मग तुम्हाला दुसरीकडचं सांगितलं असेल.

म्हटलं, तू चार ठिकाणं तोलत बसणारा माणूस, शेवटच्या घडीला बदललं असशील. स्टेशनजवळच्या त्या लॉजवर गेले, चार आणे सूटवाल्या. नाही. बँकेच्या हॉटेलात गेले, चहाच्या सक्तीवाल्या. नाही. एका मोठ्या दवाखान्यात जाऊन विचारलं. हो, दवाखान्यात. मला कळलं होतं, कसं ते सोड. तिथंही नाही. पुण्यात गल्लोगल्ली दवाखाने आहेत रे, मी बाई माणूस कुठं कुठं शोधणार? शेवटच्या गाडीनं परत आले. डबा तसाच होता. वास मारायला लागला होता, म्हणून स्टँडवरच कुत्र्याला घातला.

निवासातून निघाले तेव्हा वर गॅलरीत तो म्हातारा बसलेला दिसला, पाठमोरा. उन्हातसुद्धा डोक्यावरून मफलर गुंडाळलेला, खांदे असे की वर शर्ट नुसता अडकवून ठेवलाय. मी मनात म्हटलं, कुणाचा बाप आहे बिचारा, ह्या वयात ह्याला कुठं फरफटत आणलं. मला आपले आबा आठवले. आणि तुझा आणखीच राग आला.

माझं पहिलं पत्र तुला लागलं असेल तर तसं लिहायचंस. पण बोलावून घेऊन लपून बसायचं, हे तू चांगलं केलं नाहीस. कुठं आहेस ते वहिनीला दोन ओळी लिहायला सांग. ऑपरेशनचं काय झालं तेवढं कळवा, मग मी पुन्हा तोंड दाखवणार नाही.

वत्सला

*

पुणे,
२५ मार्च १९८७

चि. वत्सलास,

तुझं पत्र दिंद्रुडला जाऊन पडलं होतं. आश्रुबा पोस्टमननं पत्ता खोडून इकडं धाडलं. दवाखान्यातून मला कालच निवासात परत आणलं आणि आज पत्र हातात पडलं. दोनदा वाचलं, मग मालनला दिलं. ती अजून जिन्यात बसून आहे.

वच्छे, तो म्हातारा मी होतो.

आता सविस्तर लिहितो, कारण दुसरं काही काम नाही. बोलण्याचं तर नाहीच. दहा तारखेला ठरल्याप्रमाणे ऑपरेशन झालं. गळ्याला भोक आहे, श्वास तिथून जातो-येतो. आवाज काढून घेतला.

तुला लिहिलं होतं, बहीण कुठल्याच नियमात बसत नाही. मग एक दिवस आबांचं कार्ड समोर घेऊन बसलो. आबा सभासद धरले तर मालन त्यांची सून होते. तू मुलगी होतेस, तुझी खाट मोफत. सगळे नियमात, खोटा तेवढा मी. इतक्या वर्षांत कुणाच्या अर्जावर मी खोटा अंगठा चालू दिला नाही. आणि इथं काउंटरवर उभा राहून सही ठोकली, अर्जुनराव धोंडीराम उबाळे, वय वर्षं चौऱ्याऐंशी. वाटलं, हा आता चष्मा वर करून बघणार आणि मला हाकलणार. त्यानं चष्मा वर केला, बघितलं, आणि म्हणाला, "आजोबा, जिना सावकाश चढा. सूनबाई, हात धरा त्यांचा."

माझं काय झालंय ते मला तेव्हा कळलं. आरशात बघून कळलं नव्हतं.

त्याच वेळी तुझंही नाव घातलं होतं. सभासदाची मुलगी, वत्सला, येणार आहे. तू तिथं नुसतं स्वतःचं नाव सांगितलं असतंस तरी त्यानं तुला हाताला धरून वर आणलं असतं. पण आपल्याकडं बाई कुठंही गेली तरी ती आधी कुणाची कोण ते सांगते, स्वतःचं नाव तिला कुणी विचारतही नाही. तू माझं नाव सांगितलंस. त्यात तुझं काही चुकलं नाही.

नऊ तारखेला मालन दवाखान्यात कागद करायला गेली होती. मी उन्हात डुलकी घेत होतो. जाग आली, वळून बघितलं तर तू फाटकातून बाहेर पडत होतीस. हातात डबा, उजव्या पायावर जरा कमी भार टाकून चालतेस तशी. मी उठून कठड्याला धरलं आणि हाक मारली. मला वाटलं, मी मोठ्यानं ओरडलो. पण कठड्यावर हाताजवळ कबुतर बसलं होतं, तेसुद्धा उडालं नाही.

जिना उतरेपर्यंत तू गेलेली होतीस. काउंटरवरच्याला खुणेनं विचारलं. तो म्हणाला, "कुणी पंडित उबाळेला शोधत होत्या, मी नाही म्हणून सांगितलं." तेव्हा मला म्हणता आलं असतं की तो मीच. पण म्हटलं नाही. तू तर गेलीसच, आता खोलीही जाईल, असं वाटलं. संध्याकाळपर्यंत परत येशील म्हणून गॅलरीत बसून राहिलो. मालन आली, तिला सांगितलं वच्छी आली होती. तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. तिला वाटलं, तापात बोलतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन गेले.

तू विचारशील, एवढं काय सांगायचं होतं. काही नव्हतं गं. शेरडं घेऊन तू सिंदफणेच्या पलीकडं जायचीस आणि दिवस मावळला की मी अलीकडून हाक मारायचो. तू तिकडून ओ द्यायचीस. मला एकदा तशी हाक मारायची होती, खोलीत बसून, हळू का होईना. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मारली. ती तुला पोचली नाही एवढंच. आता ते लिहून भागत नाही. मी बघितलं लिहून. वच्छे, वच्छे, वच्छे. कागदावर काहीच होत नाही.

तुझी खाट अजून टाकलेलीच आहे. सूट महिनाअखेरपर्यंत आहे.

तुझा भाऊ,
पंडित

*

(तार)

नगर, २८ मार्च

निघते. खाट राहू दे. काउंटरवर माझं नाव सांगेन.
वत्सला

*

दिंद्रुड,
२६ ऑक्टोबर १९८७

वत्सलाताईस मालनचा नमस्कार.

तुमी ह्यांच्या तेराव्याला येऊन गेल्या त्याच्यानंतर पत्र लिवलं न्हाई. काय लिवावं. श्रावन बी कोरडा गेला, भादवा बी. लोकं औंदा आनिक लवकर तोडीला गेले. सोसायटीत नवा सचिव येतो, आठवड्यातून येकदा, सायकल लावतो आन् जातो.

तुमी पुण्याला त्या खाटंवर ऱ्हायल्या तेवढे दिस ते खूस होते. पाटीवर लिवून तुमाला हसवायचे. शेवटी शेवटी पाटी बी उचलंना, पन तुमचं पत्र आलं का उशीखाली ठिवायचे. बरं झालं तुमी आल्या. पन तुमी आल्यावर बी तुमाला बघून त्यांचं तोंड हलायचं न्हाई का, ते मला बघवत नव्हतं. तुमी बघत नव्हत्या तवा मी बघायची.

ताई, दिवाळीची साखर आनायला मीच गेलते. दरसाल हे जायचे. लोक कमीच होते, साखर बी निम्मीच दिली, कारखाना औंदा सुरू व्हतो का न्हाई म्हनतेत. बायका कुनीच नव्हत्या, मी आपली मागं भिताडाला लागून उभी ऱ्हायले. मंग लाउडस्पीकरवर पुकारलं, अर्जुनराव धोंडीराम उबाळे. मला वाटलं आता हे कुटून तरी ओ देतेल. दुसऱ्यांदा पुकारलं. गावातली मानसं माझ्याकडं बघाय लागली. मी तोंड उघडलं पन सासऱ्याच्या नावाला सुनंनं ओ कशी द्यावी, आन् हे असताना मी कदी चारचौघांत बोलले न्हाई. तिसऱ्यांदा पुकारलं, आन् मंग त्यानं पुडचं नाव घेतलं.

साखर न आनताच आले. साखरंचं काय न्हाई ताई, माझ्या येकटीच्या चहाला किती लागती. पन आबांना कुनी ओ दिली न्हाई ह्याचं वाईट वाटलं. तुमचा सबूद होता म्हनून तुमाला कळवते.

तुमी पैले भाऊबीजंला हिकडं यायच्या. परवा मी ताट केलतं आन् मंग ध्यानात आलं.

तुमची,
मालन

*

अहमदनगर,
३ नोव्हेंबर १९८७

वहिनी,

तुमचं पत्र पोचलं. हातातलं काम टाकून वाचलं. मालकांनी काय लिहिलंय म्हणून विचारलं तर त्यांच्यावर ओरडले, मग त्यांनाच वाचून दाखवलं.

भाऊनं मला त्या पत्रात चुकूनसुद्धा दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडले असते, आणि भांडून मोकळी झाले असते. पण मला कळतं ना. आबांचं नाव राहू दे म्हणून हट्ट मी धरला. त्या नावाच्या आड माझा भाऊ बसला होता आणि मी खालून बघून, कुणाचा बाप आहे बिचारा, म्हणून निघून आले. माझाच होता, वहिनी. मी रोज एकदा तरी त्या फाटकातून बाहेर पडते आणि रोज मागे वळून बघत नाही.

दुसरंही सांगते. तुम्ही पत्र पाठवलंत तेव्हाच मी निघायला हवं होतं. दहा तारीख आहे, अजून वेळ आहे, म्हणत मी बसले. त्यानं पुन्हा एकदा बोलवावं, मग जाऊ, एवढाच रुसवा होता. तेवढे दिवस मिळाले असते.

सोबत कारखान्याचा तो वारसाचा कागद पाठवते आहे. ट्रंकेत तळाशी होता, भाऊनं दोनदा पाठवला होता तो. मी सही केली आहे. शेअर तुमच्या नावावर करून घ्या, नव्या सचिवाला सांगा, तो करून देईल. आबांच्या नावावर नको, भाऊच्याही नको. लोक म्हणतील, बाईमाणसाचं नाव कशाला. म्हणू द्या. भाऊ असता तर त्यानं पोटनियम काढून दाखवला असता.

आणि पुढच्या दिवाळीला मी तुमच्याबरोबर येणार आहे. भिंतीला लागून उभं राहायचं नाही, दोघींनी पुढं उभं राहायचं. लाउडस्पीकरवर पुकारतील, "मालनबाई पंडित उबाळे, दिंद्रुड." आधी तुमचं नाव येईल, मग त्याचं, मग गावाचं. तुम्ही लाजाल हे मला माहीत आहे. तरी मोठ्यानं ओ द्या, वहिनी. हाक मारल्यावर ओ द्यायला तिथं कुणीतरी असू दे.

तुमची,
वत्सला